पाणी बदललं की मासे मरतात: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

मित्रमंडळी, शेजारी, सोसायटीतली मुलं यांचे टँक मी बरीच वर्षं बघत आलोय. तक्रार बहुतेक वेळा एकच असते: टँक स्वच्छ केला आणि मासे गेले. पाणी अगदी नितळ, खडे चकचकीत, तरीही तीन-चार दिवसांत निम्मे मासे मेलेले. दुकानातून नवे आणायचे, महिनाभराने टँक धुवायचा आणि पुन्हा तेच.

"मासे नाजूकच असतात हो" असं म्हणून लोक हे सोडून देतात. ते मला पटत नाही. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खातं जे गप्पी मासे विहिरीत आणि डबक्यांत सोडतं, तेच गप्पी तुमच्या टँकमध्ये असतात. डबक्यात जगणारा मासा नळाच्या स्वच्छ पाण्यात मरत असेल, तर दोष त्याच्या नाजूकपणात नाही. माशाला पाणी नितळ असण्यापेक्षा स्थिर असणं जास्त लागतं. पुढची सगळी तपासणी त्यासाठीच आहे.

आधी लक्षणं, आणि ती कधी दिसली ते

कारण शोधताना लक्षणाइतकीच त्याची वेळ महत्त्वाची असते. पाणी बदलल्यावर किती वेळाने त्रास सुरू झाला हे आठवा.

काही मिनिटांत ते दोन तासांत मासे सैरभैर पळायला लागले, काचेवर आपटले, पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करू लागले, कल्ले लालभडक दिसले: क्लोरीन, तापमानातला फरक किंवा पाण्याच्या पीएचमधली (पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा; कमी म्हणजे जास्त आम्ल) मोठी उडी.

दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत मासे सुस्त, पर मिटलेले, खात नाहीत, सकाळी एखादा मेलेला सापडतो आणि पाणी पांढुरकं होत जातं: फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मेले आणि अमोनिया किंवा नायट्राइट वाढलं.

चार ते आठ दिवसांनी अंगावर, परांवर रवा भुरभुरल्यासारखे बारीक पांढरे ठिपके आले, मासे खड्यांवर अंग घासतात: गार पाण्याचा धक्का बसला आणि त्यानंतर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग लागला.

एकाच जातीचे मासे मरतात, बाकीचे मजेत आहेत: बहुधा पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातल्या क्षारांचं प्रमाण, त्या जातीला मानवत नाही.

मासे आत्ता या क्षणी वर येऊन तडफडत असतील तर पुढचं सगळं नंतर वाचा. नवीन पाणी ओतणं थांबवा. एअर पंप पूर्ण जोरात सुरू करा. पंप नसेल तर मगाने पाणी वरून पुन्हा पुन्हा ओतत राहा. अँटीक्लोरचा (क्लोरीन घालवणारं औषध) डोस घाला. दिवा बंद करा, खाणं देऊ नका. घाबरून पुन्हा सगळं पाणी बदलू नका. एक धक्का सोसलेल्या माशाला लगेच दुसरा बसला, तर वाचायची शक्यता फार उरत नाही.

पहिली तपासणी: तुम्ही नेमकं काय धुतलं?

याला पैसा लागत नाही, फक्त आठवून खरं उत्तर द्यायचं. सगळं पाणी काढलं होतं का? फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला का? खडे बाहेर काढून घासले का? तिन्ही गोष्टी एकाच दिवशी केल्या का?

यावर एवढा जोर का, ते सांगतो. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया टाकतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. टँकमध्ये हा अमोनिया खाणारे जिवाणू असतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशाला विषारी आहेत. नायट्रेट बऱ्याच प्रमाणापर्यंत चालतं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंजच्या भोकांत, खड्यांवर, काचेवर चिकटून राहतात. स्पंजमधला तो तपकिरी, बुळबुळीत थर आपण घाण समजून धुऊन टाकतो, आणि माशांचा जीव त्याच थरावर टिकून असतो.

नळाचं पाणी जंतू मारण्यासाठीच क्लोरीन घालून येतं. त्याखाली स्पंज पिळला की हे जिवाणूही मरतात. नव्याने वसायला त्यांना साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस मासे स्वतःच्याच अमोनियात राहतात. दर महिन्याला असा टँक धुणाऱ्याचे मासे दर महिन्याला का मरतात, याचं उत्तर इथेच मिळतं.

करायचं असं. दर आठवड्याला किंवा दहा दिवसांनी फक्त पाव भाग पाणी बदला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये खडे वजा जाता ४५ ते ५० लिटर पाणी मावतं. त्याचा पाव भाग म्हणजे एका मोठ्या बादलीपेक्षा कमीच. पाइपने खड्यांतली घाण ओढून घ्या, खडे बाहेर काढू नका. स्पंज महिन्यातून एकदा, टँकमधून काढलेल्या त्याच जुन्या पाण्याच्या बादलीत दोनदा दाबून परत लावा. तो पांढराशुभ्र दिसायला नको. ज्या आठवड्यात स्पंज धुतला त्या आठवड्यात खड्यांना हात लावू नका.

इथेच आणखी एक प्रश्न: मधे बराच वेळ वीज गेली होती का? बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी फिरायचं थांबलं की आतला प्राणवायू काही तासांत संपतो, जिवाणू मरतात आणि आत कुजणं सुरू होतं. वीज आल्यावर तो फिल्टर तसाच सुरू केला तर ते घाणेरडं पाणी एका झटक्यात टँकमध्ये येतं. चार-पाच तासांच्या वर वीज गेली असेल तर डबा उघडून आतलं साचलेलं पाणी आधी फेकून द्या आणि मग सुरू करा. गावाकडे भारनियमन असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवा, फार उपयोगी पडतो.

दुसरी तपासणी: थर्मामीटर

टँकसाठी घ्यायची ही सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि नेमकी हीच बहुतेक घरांत नसते. हात बुडवून "कोमट आहे" म्हणणं उपयोगाचं नाही. गारठलेल्या हाताला २२ अंशाचं पाणीही उबदार लागतं.

गप्पी, मॉली, प्लॅटी, टेट्रा, एंजल, गुरामी, बेटा हे सगळे उष्ण प्रदेशातले मासे. त्यांना २४ ते २८ अंश सेल्सिअस मानवतं. निऑन टेट्राला त्यातला खालचा भाग बरा, डिस्कसला २८ ते ३०. माशाला स्वतःच्या शरीराचं तापमान राखता येत नाही. पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं, रोगाशी झुंजायची ताकद कमी होते.

आपल्याकडे घोटाळा होतो तो गच्चीवरच्या टाकीमुळे. डिसेंबर-जानेवारीत पुणे, नाशिक, नागपूर भागात पहाटे गच्चीवरचं पाणी फार गार असतं. निफाडसारख्या ठिकाणी तर हवेचं तापमान दहा अंशांच्या खाली जातं. टँकमधलं पाणी घरातल्या उबेमुळे २४ वर असतं. सकाळी आठ वाजता नळाचं पाणी सरळ ओतलं, तर टँकचं तापमान काही मिनिटांत चार-पाच अंशांनी उतरू शकतं. एप्रिल-मे मध्ये दुपारी याच्या उलट होतं. त्याच टाकीचं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं.

म्हणून दोन्ही पाण्यांचं तापमान मोजा, बादलीतलं आणि टँकमधलं. फरक दोन अंशांच्या आत असेल तरच ओता, तेही हळूहळू. पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून टँकच्याच खोलीत ठेवलं तर फरक बहुतेक आपोआप मिटतो. गार पाण्यात गरम मिसळायचं असेल तर गॅसवर तापवलेलं थोडं पाणी मिसळा. जुन्या गिझरच्या टाक्या तांब्याच्या असतात आणि तांबं कोळंबी, गोगलगायींना फार कमी प्रमाणातही मारक ठरतं. म्हणून गिझरचं पाणी मी टाळतो.

हीटर घ्यायचा तर लिटरला साधारण एक वॉट धरा आणि २६ वर लावा. हीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. टँकच्या दुसऱ्या टोकाला थर्मामीटर लावून पडताळा. पाणी काढायच्या आधी पंधरा मिनिटं हीटर बंद करा. तापलेली काचेची नळी पाण्याबाहेर उघडी पडली की तडकते.

उन्हाळ्यात विदर्भात, मराठवाड्यात पाणी ३२ च्या वर जातं. तेव्हा उष्णतेइतकीच अडचण प्राणवायूची असते. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला साडेसात. पाणी तापलं की माशाची गरज वाढते आणि साठा घटतो. झाकण काढा, पृष्ठभागावर टेबल फॅनचा झोत सोडा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. मात्र मासे उडी मारून बाहेर पडू नयेत म्हणून वर जाळी टाका. बर्फ टाकू नका.

जाता जाता एक गोष्ट. गोल्डफिश हा थंड पाण्यातला मासा. त्याला १८ ते २२ अंश बरं वाटतं आणि तो घाणही पुष्कळ करतो. त्याला एंजलबरोबर २७ अंशात ठेवलं तर दोघांपैकी एकाचे हाल ठरलेलेच. दुकानात ते एका टँकमध्ये दिसतात म्हणून घरी एकत्र ठेवू नका.

तिसरी तपासणी: क्लोरीन

भारतीय मानकाप्रमाणे नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक असायला हवं. माणसाच्या आरोग्यासाठी ते योग्यच आहे. पण माशाच्या कल्ल्यांना याहून कितीतरी कमी क्लोरीनही भाजतं. पावसाळ्यात नदी-धरणाचं पाणी गढूळ झालं की क्लोरीनची मात्रा वाढवली जाते. तुमचे मासे जून ते सप्टेंबरमध्येच जास्त मरत असतील तर आधी इथे बघा. सोसायटीने टाकी ब्लीचिंग पावडर टाकून साफ केली असेल तर पुढचे दोन-तीन दिवस टँकचं पाणी बदलू नका. टँकरच्या पाण्यातही क्लोरीनच्या गोळ्या टाकतात, आणि त्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही.

नाकाने ओळखता येतं, पण वास येत नाही म्हणून क्लोरीन नाही असं समजू नका.

उपाय सोपा. पाणी पसरट भांड्यात २४ तास उघडं ठेवा, त्यात एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बारीक बुडबुडे सोडणारा दगड) सोडलात तर आणखी चांगलं. घाई असेल तर अँटीक्लोर. दुकानात हायपो नावाने जे पांढरे खडे मिळतात ते सोडियम थायोसल्फेट. १० ग्रॅम खडे १ लिटर पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवा आणि नळाच्या दर १० लिटर पाण्याला त्यातलं १० मिलिलिटर घाला. सर्वसाधारण क्लोरीनला एवढं पुरतं, आणि थोडं जास्त पडलं तरी माशांना त्रास होत नाही. हायपो बादलीत घालून, ढवळून, मगच पाणी टँकमध्ये ओतायचं. आधी पाणी ओतून नंतर टँकमध्ये थेंब टाकले, तर तोवर कल्ले भाजून झालेले असतात.

चौथी तपासणी: पाणी कुठून आलं?

मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांचं, पुण्याला खडकवासला साखळीतल्या धरणांचं पाणी येतं. ते पावसाचं साठवलेलं, तुलनेने मऊ पाणी. दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो तो त्याचाच. दोन्हींत मासे पाळता येतात. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड पाणी आवडतं. निऑन, कार्डिनल, डिस्कस यांना मऊ. त्रास होतो तो दोन्ही पाण्यांची अदलाबदल झाली की. उन्हाळ्यात सोसायटीत पालिकेचं पाणी कमी पडलं, बोअर किंवा टँकर सुरू झाला, आणि तुम्हाला कोणी सांगितलं नाही. नेहमीसारखंच पाणी बदललं, पण ते नेहमीचं पाणी नव्हतं.

वॉचमनला विचारा. तो नक्की सांगतो. घरात टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) असेल तर नळाचं आणि टँकचं दोन्ही मोजा. टँकचा आकडा नळापेक्षा थोडा जास्त असणं ठीक. दुप्पट-तिप्पट फरक दिसला तर एका वेळी दहा टक्क्यांपेक्षा जास्त पाणी बदलू नका.

बोअरचं ताजं पाणी आणखी एका कारणाने घातक असतं. जमिनीखालून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. पंपातून निघालेलं पाणी सरळ टँकमध्ये गेलं तर मासे लगेच वर येतात. रात्रभर हवा सोडून ठेवलं की दोन्ही दोष जातात, आणि पीएचही त्याच्या खऱ्या जागी येतो. त्यामुळे बोअरच्या पाण्याचा पीएच मोजायचा तो दुसऱ्या दिवशी.

या गोंधळाला कंटाळून काही जण सरळ आरओचं पाणी भरतात. नुसतं आरओचं पाणी वापरू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतात, पीएच धरून ठेवणारं काहीच उरत नाही आणि तो कधीही कोसळतो. नळाच्या जड पाण्यात थोडं मिसळण्यासाठी ते चांगलं.

पाचवी तपासणी: अमोनिया आणि नायट्राइट

इथून थोडा खर्च आहे. थेंबांचं टेस्ट किट घ्या. कागदी पट्ट्या स्वस्त असतात, पण अमोनियासाठी त्यांवर माझा भरवसा नाही, आणि बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो. दोन-तीन जणांनी मिळून एक किट घेतलं तरी चालतं. फक्त मुदत बघून घ्या.

वसलेल्या टँकमध्ये अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य यायला हवं. नायट्रेट ४० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली असलं की ठीक. अमोनिया किंवा नायट्राइट जराही दिसलं तर पहिल्या तपासणीकडे परत जा, कारण जिवाणू मेलेले आहेत किंवा मासे जास्त झालेत. खाणं निम्म्यावर आणा, एक दिवसाआड द्या. रोज पाव भाग पाणी बदला, पण क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं. एखाद्या ओळखीच्याचा निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा, ओला ठेवून त्याच दिवशी आपल्या फिल्टरमध्ये घाला. बाटलीतल्या कोणत्याही द्रावापेक्षा मला याचा गुण जास्त दिसला आहे.

नायट्राइट रक्तात गेलं की रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही आणि कल्ले लालऐवजी तपकिरी दिसतात. पाण्यात भरपूर हवा असूनही मासे धापा टाकत असतील तर हेच. लिटरला अर्धा ते एक ग्रॅम साधं मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. हा तात्पुरता आधार. मूळ दुखणं फिल्टरचंच असतं.

सहावी तपासणी: जुना, न बदललेला टँक

ही गोष्ट सगळ्यात कमी लोकांना माहीत असते, आणि तिच्यात सगळ्यात जास्त मासे एकाच वेळी जातात.

टँक वर्षभर छान चालला होता. पाणी फक्त आटलं की वरून भरलं जायचं, काढलं कधीच जात नव्हतं. एक दिवस कोणीतरी म्हणालं की आता साफ करायला हवं. अर्धं पाणी बदललं, क्लोरीन काढलं, तापमान जुळवलं, फिल्टरला हात लावला नाही. तरी दोन तासांत मासे आडवे.

जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं. पाण्यातले क्षार ते आम्ल शोषून घेतात, पण हळूहळू संपत जातात. पाणी बदललं नाही की क्षारांची भर पडत नाही आणि पीएच घसरत ६ च्या आसपास येतो. एवढ्या आम्लात जिवाणूंचं काम मंदावतं, अमोनिया साठू लागतो. पण मासे मरत नाहीत, कारण आम्ल पाण्यात अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियम या बिनविषारी रूपात असतो. २५-२६ अंशाला पीएच ७ असेल तर हजारातले सहाच भाग विषारी रूपात असतात. पीएच ८ झाला की शंभरातले पाच-सहा. म्हणजे पीएच एकाने चढला की तोच अमोनिया जवळजवळ दहापट विषारी होतो. ६ पीएचच्या टँकमध्ये ७.८ पीएचचं नळाचं पाणी अर्ध्यावर भरलं की साठलेला अमोनियम काही मिनिटांत अमोनिया होतो, आणि वर पीएचचा धक्का बसतो तो वेगळाच.

लोक यातून शिकतात ते उलटंच: "आमच्या माशांना पाणी बदललेलं चालत नाही." मग ते आणखी वर्षभर बदलत नाहीत.

म्हणून बरेच महिने पाणी न बदललेला टँक हाती आला तर आधी दोन्ही पाण्यांचा पीएच मोजा. फरक अर्ध्या अंकापेक्षा जास्त असेल तर रोज फक्त पाच ते दहा टक्के पाणी बदला, दोन-तीन आठवडे. रोज अमोनिया आणि पीएच बघत राहा. पीएच वाढवायला सोडा किंवा चुना टाकू नका. तेही एका झटक्यात तोच अपाय करतं. मला कोणी जुना टँक साफ करायला बोलावलं तर मी आधी पीएच मोजतो, बादली नंतर उचलतो.

सातवी तपासणी: बाहेरून आलेलं विष

पाण्याचे सगळे आकडे बरोबर आले तरी मासे गेले, असं झालं तर घरात काय फवारलं ते आठवा. डासांच्या कॉइल, लिक्विड आणि स्प्रे यांत पायरेथ्रॉइड गटाची औषधं असतात. माणसाला ती त्या प्रमाणात सौम्य, माशांना अतिशय विषारी. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. पेस्ट कंट्रोल, धुरळणी किंवा घराचं रंगकाम असेल त्या दिवशी टँकवर ओलं कापड झाका, एअर पंप दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळी लावा, फवारणीचा वास जाईपर्यंत काढू नका. टँकची बादली आणि मग वेगळे ठेवा. फरशी पुसायच्या बादलीत फिनाइलचा किंवा कपडे धुवायच्या बादलीत साबणाचा अंश राहतोच. घरकामाला येणाऱ्या मावशींनाही हे सांगून ठेवा, नाहीतर ती बादली कधीतरी फरशीला वापरली जातेच.

पांढरे ठिपके आलेच तर

हा परजीवी जिवाणूंपेक्षा मोठा, एकपेशी जीव आहे. तो माशाच्या कातडीखाली वाढतो, गळून तळाला जातो, तिथे कवचात त्याचे शेकडो तुकडे होतात आणि ते नवा मासा शोधत पोहतात. औषध फक्त या पोहणाऱ्या अवस्थेत लागू पडतं. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणाऱ्यांना तो पुन्हा भेटतो. तापमान दिवसभरात एक-दोन अंश असं वाढवत ३० वर न्या, म्हणजे त्याचं चक्र लवकर फिरतं. हवा वाढवा, दहा ते चौदा दिवस उपचार चालू ठेवा. दुकानात सरसकट दिलं जाणारं मिथिलीन ब्लू मुख्य टँकमध्ये टाकू नका, ते फिल्टरच्या जिवाणूंनाही मारतं. वापरायचंच तर वेगळ्या भांड्यात.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पाण्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. हीटरची नळी तडकलेली असेल तर ती फेकून द्या, एम-सील लावून वापरू नका. ज्या बोर्डावर टँक आहे तिथे गळती पकडून वीज तोडणारा ईएलसीबी बसवून घ्या. हे काम स्वतः करण्याचं नाही.

टँकच्या जोडातून पाणी झिरपत असेल तर मासे बादलीत काढा, टँक रिकामा करा आणि काचकाम करणाऱ्याकडे द्या. चार फुटी टँकमध्ये दोनशे लिटरच्या वर पाणी असतं. जोड सुटला तर काच पायावर पडते.

वरच्या सातही तपासण्या झाल्या, अमोनिया-नायट्राइट शून्य आहे, तापमान स्थिर आहे आणि तरी आठवड्याभरात मासे मरतच आहेत, अंगावर जखमा, फुगलेलं पोट, उभे राहिलेले खवले, वाकलेला कणा दिसतो, तर आता पाणी बदलत बसू नका. प्रतिजैविकं अंदाजाने टाकू नका. चुकीचं औषध फिल्टर मारतं आणि रोग तसाच राहतो. मासे बघणारे पशुवैद्य शोधा. जवळ कोणी नसेल तर रत्नागिरी, नागपूर, उदगीर इथल्या मत्स्य महाविद्यालयांत किंवा मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत फोन करून विचारा. रोगाचं निदान कुठे होईल ते तिथले प्राध्यापक सांगू शकतात.

तुमच्या बोटांवर किंवा हातावर टँकचं काम केल्यावर एखादी गाठ किंवा न भरणारी जखम आली आणि दोन-तीन आठवडे तशीच राहिली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. घरी माशांचा टँक आहे हे स्वतःहून सांगा. माशांना होणाऱ्या क्षयाच्या गटातला एक जिवाणू कापलेल्या त्वचेतून माणसालाही लागतो, आणि डॉक्टरांना टँकबद्दल कळलं नाही तर निदानाला महिने जातात. हाताला चीर असेल तर हातमोजे घालूनच टँकमध्ये हात घाला.

तपासणीला नेताना मरायला टेकलेला जिवंत मासा मेलेल्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. मेलेलाच न्यायचा असेल तर पिशवीत घालून बर्फावर ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि तासाभरात पोचवा. टँकचं पाणी एका स्वच्छ बाटलीत, नळाचं दुसऱ्या बाटलीत काठोकाठ भरून न्या. कागदावर लिहून ठेवा: टँक किती लिटरचा, किती आणि कोणते मासे, शेवटचं पाणी कधी आणि किती बदललं, स्पंज कधी धुतला, कोणतं औषध किती टाकलं, सकाळचं आणि दुपारचं तापमान. एवढी माहिती आणि दोन्ही पाण्यांचे नमुने हातात असले की निम्मी चौकशी तिथल्या तिथे संपते.